दाराबाहेर आलेली धास्ती : अमेरिकेतील विधी-प्रवेशपरीक्षा आणि परीक्षाभीतीचे शास्त्र

अमेरिकेतील विधी महाविद्यालयांत प्रवेश घेऊ पाहणाऱ्याला ‘लॉ स्कूल ॲडमिशन टेस्ट’, म्हणजे बोलीतली ‘एलसॅट’, सहसा द्यावी लागते, आणि या परीक्षेचा इतिहास बहुधा बुद्धीच्या मोजमापाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मात्र ज्या काळात आणि ज्या विद्यापीठांच्या परिसरात हे मोजमाप आकाराला आले, त्याच काळात तेथेच परीक्षेच्या भीतीचेही मोजमाप सुरू झाले, ही गोष्ट त्या इतिहासात सहसा येत नाही. दोन्ही कहाण्या शेजारी ठेवून वाचल्या तर असे दिसते की प्रवेशपरीक्षेने ही भीती जन्माला घातली नाही. कायद्याच्या शिक्षणात ती आधीपासून मुरलेली होती, प्रवेशपरीक्षेने फक्त तिची जागा बदलली आणि वर्गातली धास्ती दाराबाहेर आणून ठेवली.

पूर्वीची व्यवस्था पाहिल्याशिवाय हे स्थलांतर ध्यानात येत नाही. १८७० मध्ये ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल हे हार्वर्डच्या विधी विद्यालयाचे अधिष्ठाता झाले आणि त्यांनी व्याख्यानांऐवजी न्यायनिवाड्यांच्या आधारे शिकवण्याची पद्धत रुजवली. या पद्धतीत प्राध्यापक सिद्धान्त सांगत नाही. तो एखाद्या विद्यार्थ्याला उभा करतो, निकालपत्रातील तथ्ये वदवून घेतो, मग तथ्ये थोडी बदलून निकाल बदलेल का असे विचारतो आणि विद्यार्थी निरुत्तर होईपर्यंत ही उलटतपासणी चालू ठेवतो. वर्षभर चाललेल्या या झटापटीचे गुण मात्र मिळत नसत, कारण सारे काही वर्षअखेरीच्या एकाच लेखी परीक्षेवर अवलंबून असे. मान्यताप्राप्त महाविद्यालयाच्या पदवीधराला प्रवेश मिळणे फारसे अवघड नव्हते, टिकणे अवघड होते; विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाअखेर सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी गळत. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी डावीकडच्या आणि उजवीकडच्या सोबत्याकडे पाहून घ्यायला सांगायचे आणि तिघांपैकी एक जण पुढल्या वर्षी येथे नसेल असे बजावायचे, ही अधिष्ठात्यांच्या नावावर खपणारी आख्यायिका याच गळतीतून आली. दार उघडे ठेवून आत चाळण लावण्याची ही रीत वरवर उदार वाटली तरी विद्यार्थ्याचे एक वर्ष आणि एका वर्षाची फी घेऊनच ती त्याला नापास ठरवत असे, हे विसरता येत नाही.

चाळण दाराशीच लावावी हा विचार पहिल्या महायुद्धानंतर पुढे आला. १९१७ मध्ये अमेरिकी सैन्यात रंगरुटांची वर्गवारी करण्यासाठी ‘आर्मी अल्फा’ ही सामूहिक बुद्धिचाचणी वापरली गेली, आणि त्या कामात सहभागी असलेले मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगॅम यांनी पुढे तिच्याच धर्तीवर महाविद्यालयीन प्रवेशासाठी ‘सॅट’ ही परीक्षा बेतली, जी १९२६ मध्ये प्रथम घेण्यात आली. विधी विद्यालयांनीही १९२० च्या दशकात स्वतंत्र प्रयोग करून पाहिले. कोलंबियाने आपली कायदेविषयक क्षमता-चाचणी घेतली, तर मर्टन फर्सन आणि जॉर्ज स्टॉडर्ड यांनी कायद्याच्या अभ्यासाची अभियोग्यता, म्हणजे तो विषय अजून न शिकलेल्या माणसाची तो शिकण्याची संभाव्य कुवत, मोजणारी एक परीक्षा तयार केली. यांपैकी कोणताही प्रयोग देशभर पसरला नाही. आधी महामंदी आणि नंतर दुसरे महायुद्ध यांमुळे वर्ग ओस पडले, आणि विद्यार्थीच नसताना निवडीचा प्रश्न कोणाला पडणार?

तो प्रश्न १९४४ च्या कायद्याने एकदम उभा केला. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च सरकारकडून देणारा हा कायदा ‘जी. आय. बिल’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या बळावर आलेल्या अर्जदारांत कोणाची पदवी युद्धाआधीची होती, कोणाचे शिक्षण मध्येच तुटले होते, आणि निरनिराळ्या महाविद्यालयांचे गुण एकमेकांशी ताडून पाहणे जवळजवळ अशक्य झाले होते. कोलंबिया विद्यापीठाचे प्रवेश-संचालक फ्रँक बोल्स यांनी १९४५ मध्येच नव्या चाचणीचा आग्रह धरला होता. १० नोव्हेंबर १९४७ रोजी कोलंबिया, हार्वर्ड, येल आणि इतर काही विधी विद्यालयांचे प्रतिनिधी महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा मंडळाच्या अधिकाऱ्यांसह बैठकीला बसले, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी पहिली एलसॅट पारही पडली. चार महिन्यांच्याही आत एक राष्ट्रीय परीक्षा उभी राहिली यात नवल वाटण्याजोगे फारसे नाही, कारण प्रश्न रचणारी, छापणारी आणि तपासणारी यंत्रणा ‘सॅट’मुळे तयारच होती आणि डिसेंबर १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’कडे ती सोपवली जात होती. पहिली परीक्षा जवळजवळ दिवसभर चाले, आणि गुण २०० ते ८०० या मापावर दिले जात.

या परीक्षेने नेमके काय मोजायचे याविषयी तिच्या निर्मात्यांच्या मनात संदिग्धता नव्हती. प्रवेश घेतलेला विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या परीक्षेत किती गुण मिळवील याचा अंदाज बांधणे एवढेच तिचे काम ठरले. तिची सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाते की नाही याची खात्री, चाचणीचे गुण आणि पहिल्या वर्षाचे गुण यांच्या सहसंबंधावरून, म्हणजे दोन्ही आकडे कितपत बरोबरीने वरखाली होतात त्यावरून, ठरवण्यात आली. पुढे चांगला वकील कोण होईल, हा प्रश्नच विचारलेला नव्हता. अशा रीतीने एका परीक्षेचे भाकीत करणारी दुसरी परीक्षा जन्माला आली, आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस बसणारा धक्का वर्षभर आधी, अर्ज करण्याच्याही अगोदर, बसू लागला. गळती कमी झाली हे खरे, पण पूर्वी नापास झालेल्याला निदान आपण कशात कमी पडलो हे समजे. आता दारातूनच परतणाऱ्याच्या हाती केवळ एक आकडा राहिला.

त्या आकड्याकडे पाहताना उमेदवाराच्या छातीत काय होते, हा विषय येलमध्येच शास्त्राच्या कक्षेत आला. त्याची पूर्वपीठिका हार्वर्डच्या शरीरक्रिया-प्रयोगशाळेत शोधावी लागते. वॉल्टर कॅनन यांनी वेदना, भूक, भीती आणि संताप यांनी शरीरात होणाऱ्या बदलांवरील आपल्या १९१५ च्या ग्रंथात असे नोंदवले की अटीतटीच्या फुटबॉल सामन्यानंतर खेळाडूंच्या लघवीत साखर आढळली, आणि त्यांत सामनाभर बाहेर बाकावरच बसून राहिलेले राखीव गडीही होते. कठीण परीक्षा देऊन आलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी काहींच्या लघवीतही, जी परीक्षेपूर्वी शुद्ध होती, तीच साखर सापडली. संकट समोर आले की यकृतातील साखर रक्तात उतरते, म्हणजे लढायला किंवा पळायला स्नायूंना इंधन मिळते, असा त्याचा उलगडा होता. खुर्चीत बसून पेपर सोडवणाऱ्याला ना लढायचे असते ना पळायचे, शरीर मात्र दोन्हींची तयारी करून बसते.

शरीराच्या या तयारीचा बुद्धीच्या कामगिरीवर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर शोध जॉर्ज मँडलर आणि सेमूर सॅरासन यांनी घेतला व १९५२ मध्ये तो प्रसिद्ध केला. नाझी राजवटीतून निसटून अमेरिकेत आलेले मूळचे व्हिएन्नाचे मँडलर आणि येलचे अध्यापक सॅरासन यांनी आधी एक प्रश्नावली रचली, जिच्यात परीक्षेआधी आणि परीक्षेदरम्यान अस्वस्थता किती वाटते, छाती किती धडधडते, घाम किती फुटतो अशा गोष्टी विचारल्या होत्या. उत्तरांवरून त्यांनी येलच्या विद्यार्थ्यांतून फार घाबरणारे आणि फारसे न घाबरणारे असे दोन गट निवडले आणि त्यांच्याकडून रंगीत ठोकळे ठरावीक नक्षीत जुळवण्यासारखी कामे वेळ लावून करून घेतली. कामाच्या मध्यंतरात काहींना तुमचे उत्तम चालले आहे असे सांगितले, काहींना तुम्ही मागे पडला आहात असे सांगितले, आणि उरलेल्यांना काहीच सांगितले नाही. निष्कर्ष असा निघाला की न घाबरणाऱ्यांना स्तुती आणि दोष दोन्हींनी हुरूप येतो, तर घाबरणाऱ्यांची कामगिरी त्यांच्या कामाविषयी अवाक्षरही काढले नाही तेव्हाच सर्वांत चांगली होते. त्यांना शाबासकीसुद्धा मानवत नाही, कारण तीही आपली परीक्षा चालली आहे याची आठवण करून देते. उमेदवाराच्या घरी, विशेषतः जेथे सारे घर त्याच्या निकालाकडे डोळे लावून बसलेले असते तेथे, या निष्कर्षाची आठवण अद्यापही फारशी कोणी ठेवत नाही.

मँडलर आणि सॅरासन यांच्यानंतरच्या संशोधनाने या भीतीचे पदर सुटे केले. रॉबर्ट लीबर्ट आणि लॅरी मॉरिस यांनी १९६७ मध्ये ती दोन भागांत विभागली : धडधड, घाम, पोटात गोळा येणे हा भावनिक खळबळीचा भाग, आणि ‘मी नापास झालो तर’, ‘इतरांचे झाले असेल’ अशी मनात चालणारी काळजीची जपमाळ हा दुसरा. गुण घटतात ते मुख्यतः या दुसऱ्या भागामुळे, असे पुढील अभ्यासांतून वारंवार दिसून आले. त्याची कार्यकारणमीमांसा कार्यस्मृतीच्या कल्पनेने करतात. कार्यस्मृती म्हणजे एका वेळी मनात धरून हाताळता येणाऱ्या माहितीची तोकडी जागा, आणि काळजीने ती बळकावली की प्रश्नातील अटींना जागा उरत नाही.

एलसॅटच्या रचनेत ही अडचण अगदी ठळक झाली. १९८२ मध्ये परीक्षेचा साचा बदलला तेव्हा ‘विश्लेषक तर्क’ नावाचा विभाग आला, ज्याला उमेदवार ‘लॉजिक गेम्स’ म्हणत. सात वक्ते सात वेळांना बोलणार आहेत, पहिला तिसऱ्याच्या आधी बोलला पाहिजे, दुसरा आणि पाचवा लागोपाठ येता कामा नयेत, चौथा सर्वांत आधी बोलला तर सहावा शेवटी येईल, अशा अटी देऊन त्यावर पाच-सहा प्रश्न विचारले जात. कायद्याचे ज्ञान यात कामाला येत नसे. अटी कागदाच्या कडेला खुणांनी उतरवून, संभाव्य मांडण्यांचा आराखडा काढून एकेक पर्याय बाद करीत जाणे हाच मार्ग होता, आणि प्रत्येक विभागाला ३५ मिनिटे म्हटल्यावर चार खेळांपैकी एकेकाला नऊ मिनिटेही मिळत नसत. एक अट मनातून निसटली की सारा आराखडा कोसळे, आणि ती निसटली आहे हे बहुधा चौथ्या प्रश्नाला लक्षात येई. त्यातच प्रश्नपत्रिकेतील एक विभाग भावी परीक्षांसाठी प्रश्न पारखण्यापुरता असतो, त्याचे गुण धरत नाहीत, पण तो कोणता हे उमेदवाराला सांगत नाहीत. त्यामुळे अवघड गेलेला विभाग तोच असावा या आशेवर पुढची अर्धी परीक्षा काढणे हीही या परीक्षेची एक रीत होऊन बसली. १९९१ पासून गुणांचे माप १२० ते १८० असे आहे, आणि मोजमापात थोडी चूक राहणारच हे मान्य करून परीक्षा घेणारी संस्था मिळालेल्या गुणांभोवती काही गुणांचा पट्टाही कळवते. उमेदवार आणि महाविद्यालये मात्र पट्ट्याकडे न पाहता आकडाच धरून बसतात.

भीती जेथे असते तेथे तिच्यावर उतारा विकणारेही येतात. ब्रुकलिनच्या स्टॅनली कॅप्लन यांनी १९३८ मध्ये आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवणी सुरू केली, १९४६ पासून ‘सॅट’ची तयारी करून घेतली आणि पुढे एलसॅटसह कित्येक परीक्षांपर्यंत व्यवसाय वाढवला. प्रश्नपत्रिका परीक्षागृहातच जमा होत असल्याने बाहेर कोणालाच प्रश्न माहीत नसत. कॅप्लन परीक्षा संपल्यावर विद्यार्थ्यांना मेजवानी देत आणि कोणाला कोणता प्रश्न आठवतो ते विचारून घेत. ही परीक्षा अंगभूत कुवत मोजते, तेव्हा शिकवणीने तिचे गुण वाढणे शक्य नाही, अशी परीक्षा-संस्थांची भूमिका होती, आणि तिच्यामुळे शिकवणीचा धंदा थोडा बदनाम असला तरी मंदावला कधीच नाही. १९७९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अहवालाने शिकवणीचा काही प्रमाणात उपयोग होतो हे मान्य केले. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने सिनेटर केनेथ लावॅल यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याद्वारे परीक्षा झाल्यावर प्रश्न आणि उत्तरे उघड करणे बंधनकारक केले. जुन्या खऱ्या प्रश्नपत्रिका सर्वांना मिळू लागल्यावर तयारीचे स्वरूपच पालटले : आधी वेळेचे बंधन न ठेवता एकेक प्रकार सोडवायचा, मग घड्याळ लावून पूर्ण पेपर द्यायचा, आणि चुकलेल्या प्रश्नापाशी परत जाऊन चुकीच्या पर्यायाने भुरळ का घातली हे लिहून काढायचे, हा क्रम रूढ झाला. नुसत्या वाचनापेक्षा स्वतःची चाचणी घेण्याने शिकलेले अधिक टिकते, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवले, पण एलसॅटचे उमेदवार ते त्याआधी पाव शतक करीत होते.

भीतीवरचे शास्त्रीय उपचारही याच काळात आले. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या क्रमिक असंवेदीकरणात माणसाला आधी स्नायू शिथिल करायला शिकवतात, मग भीतीच्या प्रसंगांची लहानापासून मोठ्यापर्यंत उतरंड लावून, शरीर सैल असतानाच एकेक पायरी कल्पनेत अनुभवायला लावतात. ही पद्धत परीक्षाभीतीसाठी साठच्या दशकात विद्यापीठांतून बरीच वापरली गेली. तिने धडधड कमी होई, पण गुण त्या मानाने वाढत नसत, आणि काळजी हाच खरा चोर असल्याचे त्यातूनही दिसून आले. म्हणून पुढचे उपाय विचारांकडे वळले. जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या काही उमेदवारांना छातीतली धडधड कामगिरीला मदतही करू शकते एवढेच आधी सांगितले, आणि त्यांचे गणिताचे गुण इतरांपेक्षा सरस आले. जेरार्डो रामिरेझ आणि सायन बीलॉक यांच्या २०११ च्या प्रयोगात परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली काळजी कागदावर उतरवणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. असे प्रयोग लहान असतात आणि त्यांचे परिणाम प्रत्येक ठिकाणी तसेच्या तसे पुन्हा मिळत नाहीत, हे ध्यानात ठेवूनच त्यांचा उपयोग करावा लागतो.

न्यायालयांनी मात्र या विषयाला निराळीच कलाटणी दिली. अपंगत्वामुळे जादा वेळ घेतलेल्यांच्या गुणपत्रकावर एलसॅट घेणारी संस्था तशी खूण करीत असे. २०१४ मधील न्यायालयीन तडजोडीने ती प्रथा बंद झाली आणि संस्थेला ७७ लाखांहून अधिक डॉलर द्यावे लागले. तोवर भीतीचा विकार असलेल्या उमेदवाराला सवलत मागतानाच, महाविद्यालयाला तो कळेल, ही नवी भीती घ्यावी लागे. आराखडे काढता येत नसल्याने लॉजिक गेम्स आपल्याला अन्यायकारक ठरतात अशी तक्रार एका अंध उमेदवाराने न्यायालयात नेली, २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभागच परीक्षेतून गेला. चार दशके त्याच्यावर उभी असलेली पुस्तके आणि शिकवण्या एका सत्रात जुन्या झाल्या, आणि युक्तिवादांच्या चिकित्सेचा विभाग दुप्पट झाल्याने नव्या उमेदवारांची धास्ती तिकडे वळली.

या परीक्षेची भारतीय आवृत्ती २००९ ते २०२४ या काळात घेतली गेली, परंतु येथील प्रवाह तिच्याआधीच निराळ्या वाटेने वाहत होता. महाराष्ट्रात पूर्वी खरी कसोटी वकिलीच्या परीक्षेची असे. १८९० च्या दशकात पुण्यात टिळकांनी चालवलेला लॉ क्लास हायकोर्ट आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर होऊ पाहणाऱ्यांची तयारी त्यासाठीच करून घेत असे. विधी महाविद्यालयात नाव घालणे मात्र नंतरही अनेक दशके सोपेच राहिले. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने १९८८ मध्ये पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू करून प्रवेशासाठी स्पर्धा परीक्षा लावली, त्यानंतर नवीन विद्यापीठांच्या वेगवेगळ्या परीक्षांचे ओझे वाढत गेले, आणि २००६ मध्ये एका उमेदवाराने सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेनंतर २००८ मध्ये सात विद्यापीठांची सामाईक परीक्षा, क्लॅट, अस्तित्वात आली. राज्यातील महाविद्यालयांसाठी महाराष्ट्राची सीईटी २०१६ मध्ये सुरू झाली; ती मराठीतूनही देता येते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, तर क्लॅटमध्ये प्रत्येक चुकीला पाव गुण जातो. एवढ्याशा फरकाने दोन्ही परीक्षांतील अंदाजाचे गणित आणि त्यासोबतची घालमेल वेगवेगळी होते. वकिली सुरू करताना द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा २०११ मध्ये आली, ती पुस्तक जवळ ठेवून देण्याची मुभा देऊन; तिची वैधता सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये उचलून धरली, त्यामुळे भारतातील विधी-विद्यार्थ्याला आत शिरताना आणि पदवी घेऊन बाहेर पडल्यावर अशा दोन्ही उंबरठ्यांवर परीक्षा द्यावी लागते.